अण्णांच्या जुन्या ॲम्प्लिफायरला जोडायला स्वस्त आणि मस्त स्ट्रीमिंग प्लेअर कोणता?

मिरजकर_सध्या_पुण्यात

मंडळी, सल्ला हवा आहे.

वडील (अण्णा, वय ७४) मिरजेला असतात. ऐकण्याचा नाद जुना. खाँसाहेब अब्दुल करीम खाँचं गाव, घराजवळच तंबोरे-सतारी करणाऱ्यांची गल्ली, त्यामुळे तो रक्तातच आहे म्हणा. घरी १९८० च्या दशकातला देशी बनावटीचा ॲम्प्लिफायर आणि दोन दणकट लाकडी स्पीकर आहेत. आवाज अजून खणखणीत. कॅसेट डेकने मात्र गेल्या दिवाळीत मान टाकली. सीडी प्लेअर आधीच गेला होता. आता अण्णा मोबाईल पितळी पातेल्यात उभा करून ऐकतात, आवाज मोठा येतो म्हणून! मला ते बघवत नाही.

बजेट दहा हजार. वायफाय आहे. अण्णांकडे साधा अँड्रॉइड फोन आहे. मी महिन्यातून एकदा जातो, त्यामुळे 'बिघडलं तर रीस्टार्ट करा' हे फोनवर सांगून जमलं पाहिजे. वायफायवर चालणारे छोटे प्लेअर मिळतात असं ऐकलंय. कोणी वापरतं का?

आगाऊ_गोखरू

पातेलं बदलून बघा. कांस्याचं घ्या, बास सुधारेल.

पावशेर

धागा वाचतोय. रुमाल टाकून ठेवतो.

जुनाट_कॅसेट

एवढा विचार कशाला? हजार-बाराशेला ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो. एका बाजूला तांबडी-पांढरी पिन, दुसरीकडे चार्जर. फोनशी जोडी जमवली की झालं. माझ्याकडे चार वर्षं चालू आहे. उरलेल्या नऊ हजारांत अण्णांना महाबळेश्वरला नेऊन आणा.

षड्ज

@जुनाट_कॅसेट, ब्लूटूथला माझा विरोध आवाजापायी नाही, फोनपायी आहे. विलंबित ख्याल भरात आलाय, गायक समेवर येतोय आणि त्याच क्षणी स्पीकरमधून कर्जाची जाहिरात करणाऱ्या बाईंची रिंग! शिवाय फोन खिशात घालून अण्णा भाजी आणायला गेले की गाणं फाटकाशीच तुटणार.

वायफाय प्लेअरचं काम वेगळं असतं. स्पॉटिफाय कनेक्ट किंवा गूगल कास्टमध्ये फोन फक्त रिमोट. 'हे वाजव' एवढा निरोप तो देतो, गाणं प्लेअर स्वतः इंटरनेटवरून ओढतो. मग फोन आला, बॅटरी संपली, फोन घेऊन कोणी बाहेर गेलं, तरी मैफल चालूच. ॲपलच्या एअरप्लेमध्ये बहुतेक वेळा आवाज फोनमधूनच जातो. तिथे हा फायदा नाही, पण तुमचा फोन अँड्रॉइड आहे, तेव्हा तो प्रश्न नाही.

डॉलरवाली

षड्ज यांना +१. आमच्याकडे (न्यू जर्सी) बेसमेंटमध्ये वीम मिनी आहे. तळहातावर मावणारी गोल डबी. इथे नव्वद-शंभर डॉलरला मिळते. भारतातही मिळते, तुमच्या बजेटच्या काठावर असेल. ॲनालॉग आउट (साध्या तारेने ॲम्प्लिफायरला) आणि ऑप्टिकल आउट (प्रकाशाच्या केबलने) दोन्ही आहेत, स्पॉटिफाय कनेक्ट चालतं, इंटरनेट रेडिओ आहे. गूगल कास्ट मात्र मिनीत नाही. त्यासाठी वरचं मॉडेल, वीम प्रो, घ्यावं लागतं आणि ते दहा हजारांत बसणार नाही.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून बघावी: दोन ट्रॅकच्या मध्ये खंड पडतो का. विलंबित एक ट्रॅक, द्रुत दुसरा. गायक न थांबता द्रुतात शिरतो आणि यंत्र मध्येच अर्धा सेकंद श्वास घेतं. सिनेमाच्या गाण्यांत हे कळतही नाही. ख्यालात मात्र जिना उतरताना एक पायरी चुकावी तसं होतं.

पावशेर

पायरीची उपमा आवडली. आमच्या सोसायटीत लिफ्ट असल्याने अनुभव नाही.

तापकीर_गल्लीचा_वारकरी

रास्पबेरी पाय (पत्त्याएवढा छोटा संगणक) कोणी सुचवला नाही म्हणजे इथे सगळे सभ्य लोक आहेत. मी सुचवतो.

पाय झीरो २ डब्ल्यू, त्यावर पीसीएम ५१०२ चिपचा डॅक बोर्ड (डिजिटलचं ॲनालॉग करणारा, काही शे रुपयांत मिळतो), चांगला ५ व्होल्टचा ॲडॅप्टर, मेमरी कार्ड. सगळं मिळून माझं साडेतीन-चार हजारांत झालं, डबीसकट. डबी म्हणजे बायकोची रिकामी झालेली हिंगाची डबी. पत्र्याच्या डबीत वायफाय गुदमरतं हे पहिल्या दिवशी कळलं, मग प्लास्टिकची घेतली. अजून किंचित वास येतो.

सॉफ्टवेअर पायकोअरप्लेअर. कारण ऐका. आमच्याकडे लाइट कधीही जाते. साधी लिनक्स टाकली तर दोन-चार झटक्यांत मेमरी कार्डाची वाट लागते. पायकोअरप्लेअर सुरू झाल्यावर पूर्णपणे रॅममध्ये चालतं, कार्डावर सारखं लिहीत बसत नाही. बेधडक बटण बंद करा, पुन्हा चालू करा, मिनिटभरात गातं. मिरजेचं लोडशेडिंग जमेस धरा.

आणि हो, जुन्या पायवर हेडफोनचं भोक असतं, त्यावर विसंबू नका. तो आवाज ऐकवत नाही. पाय ५ वर तर ते भोकच नाही, झीरोवरही नाही.

मधुरा_ती_नव्हेच

हे सगळं अण्णा करणार? वय ७४?

तापकीर_गल्लीचा_वारकरी

अण्णा नाही, चिरंजीव करणार. अण्णांनी फक्त ऐकायचं.

मधुरा_ती_नव्हेच

आणि चिरंजीव पुण्यात. मिरजेत बंद पडलं की अण्णा पुन्हा पातेलं काढणार. माझ्या सासऱ्यांना आम्ही अशीच एक 'अगदी सोपी' यंत्रणा करून दिली होती. तीन ॲप्स, दोन पासवर्ड. सहा महिन्यांनी गेलो तर त्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर गणपती.

आगाऊ_गोखरू

निदान विघ्नहर्ता तरी होता.

हायरेझ_हरी

ब्लूटूथ, ५१०२ नंबरचा डॅक… अहो, आवाजाचं काय? सीडीचा आवाज म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, सेकंदाला १४११ किलोबिट. ब्लूटूथचा मूळ एसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) त्याच्या पाव हिश्शाच्याही खाली चालतो. म्हणजे तीन चतुर्थांश गाणं कचऱ्यात! तंबोऱ्याची जवारी जिथे कळते तो वरचा भागच आधी कापला जातो. ज्यांना कान आहेत त्यांनी लॉसलेसच, म्हणजे काहीही न कापलेलंच, घ्यावं.

षड्ज

'तीन चतुर्थांश गाणं कचऱ्यात' हा हिशोब बरोबर नाही. आकडे कमी होतात, गाणं त्याच प्रमाणात कमी होत नाही. जे मोठ्या सुराखाली झाकलं जातं, कानाला तसंही पोचत नाही, ते आधी टाकलं जातं. मी फूबार या संगणकावरच्या प्लेअरमध्ये आंधळी चाचणी घेतली होती. एकीकडे सीडी, दुसरीकडे त्याचीच ३२० किलोबिटची एमपी३. सोळा वेळा ओळखायचं. माझी उत्तरं नऊ वेळा बरोबर आली, म्हणजे छापा-काटा केला असता तर आठ आली असती. निवडलेला तुकडाही तंबोऱ्याचाच होता. त्या दिवसापासून मी या विषयावर हळू आवाजात बोलतो.

हायरेझ_हरी

तुमची यंत्रणा तेवढी पारदर्शक नसेल.

षड्ज

असेल. किंवा कान मिरजेचे नसतील.

हायरेझ_हरी

(प्रतिसाद काढून टाकला आहे)

अभियंता_निवृत्त

हरीराव, अण्णा काय ऐकतात ते आधी विचारा. तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांवरचं गाणं असेल तर त्यात खरखरीखेरीज वरचं काही फारसं नाहीच. ते कितीही बिटांत ऐका.

मिरजकर, एक धोक्याची सूचना. ॲम्प्लिफायरच्या मागे 'फोनो' लिहिलेल्या जागी प्लेअर जोडू नका. ती जागा तबकडीच्या सुईच्या अतिशय क्षीण सिग्नलसाठी असते. आत तो खूप पट वाढवतात, वर खर्ज चढवतात आणि तार उतरवतात. मी स्वतः एकदा घाईत मुलाचा फोन तिथे खुपसला. असा आवाज निघाला की शेजारचे विचारायला आले, सिलिंडर फुटला का. 'ऑक्स', 'टेप' किंवा 'ट्यूनर' शोधा. मागचा फोटो टाकता का?

मिरजकर_सध्या_पुण्यात

सगळ्यांचे आभार. अण्णांना फोन केला. एक गोष्ट मला विचारायला हवी होती, ती मी विचारलीच नव्हती: ते ऐकतात कुठून?

उत्तर: यूट्यूब. सगळंच. म्हणाले, "अरे, त्या तुमच्या पैशांच्या ॲपवर रेकॉर्ड निघालेलंच असतं. मला कुणाच्या तरी दिवाणखान्यातली बैठक पाहिजे. मल्लिकार्जुनअण्णा मन्सूर गातायत, मध्ये कुणी खोकतंय, कुणी वा म्हणतंय." जुन्या खाजगी मैफलींची रेकॉर्डिंग्ज रसिकांनी चढवलेली असतात ना, ती. यादी करून ठेवलीय त्यांनी, वहीत. हो, वहीत. रागाचं नाव, गायक, आणि 'निळ्या पडद्याचं चित्र' अशी खूण.

अभियंता, फोटो टाकतो. मागे गोल भोकं आहेत, पाच-पाच पिनांची. तांबडं-पांढरं काहीच नाही!

डॉलरवाली

अरेरे. मग माझा सल्ला बाद. वीममध्ये साधं यूट्यूब नाही. अँड्रॉइडवरून पाठवायचं तर त्यातल्या ब्लूटूथनेच, आणि ब्लूटूथच वापरायचं तर एवढे पैसे कशाला?

षड्ज

गूगलची क्रोमकास्ट ऑडिओ नावाची डबी होती (२०१५ साली आली, २०१९ च्या सुरुवातीला बंद केली), लोक अजून जुन्या बाजारात शोधतात. तिच्यावरही यूट्यूब म्युझिक चालतं, साधं यूट्यूब नाही. फक्त आवाजाच्या यंत्रांना चित्रवालं ॲप दारात उभं करत नाही. मीही शब्द मागे घेतो.

जुनाट_कॅसेट

मी काही बोलत नाही. फक्त वरचा तिसरा प्रतिसाद पुन्हा वाचावा ही विनंती.

मधुरा_ती_नव्हेच

जुना फोन घरात पडलाय का? सिम काढा, वायफायवर ठेवा, ब्लूटूथ रिसीव्हर लावा. कर्जवाल्या बाईंचा प्रश्न मिटला.

अभियंता_निवृत्त

चालेल, पण जुना फोन चोवीस तास चार्जरला लावून ठेवू नका. माझ्याकडच्याची बॅटरी फुगून मागचं झाकण उघडलं होतं. ऐकून झालं की पिन काढायची.

सुपारीची_वाडी

अवांतर: यूट्यूब नसतं, सगळं पैशांच्या ॲपवर असतं, तरी सापडलं नसतं. तिथे एकच गायक तीन जागी असतो. एकदा पंडित लावून, एकदा न लावता, एकदा स्पेलिंग चुकवून. ट्रॅकचं नाव 'राग यमन', अल्बमचं नाव 'सकाळचे राग'. शफल चालू राहिलं तर आधी द्रुत, मग विलंबित. म्हणजे जेवून उठल्यावर पाटपाणी.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडं तर भैरवीनंतर जाहिरात लागते भाऊ. कार्यक्रम संपला तरी बुढा उठत नाही, म्हणते अजून एक बाकी हाय.

गच्चीवरचा_अँटेना

उशिरा आलो. एक बालबोध प्रश्न: अण्णांच्या घरी स्मार्ट टीव्ही आहे का? असेल तर त्यात यूट्यूब असणारच. टीव्हीच्या मागे चौकोनी झाकणाचं ऑप्टिकल भोक बघा. त्याला ऑप्टिकल केबल, पुढे डिजिटलचं ॲनालॉग करणारी काड्यापेटीएवढी डबी (मला सातशेला मिळाली), पुढे ॲम्प्लिफायर. ना फोन, ना ॲप. रिमोटवर माइक असेल तर बोलायचं: 'मल्लिकार्जुन मन्सूर'. मराठीत बोललेलं बऱ्यापैकी कळतं त्याला.

दोन गोष्टी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम' (साधा, न दाबलेला) करा, 'ऑटो' किंवा 'डॉल्बी' ठेवलं तर या स्वस्त डब्या मुक्या होतात. आणि नुसतं ऐकायचं असेल तेव्हा 'पिक्चर ऑफ' शोधा, बऱ्याच टीव्हींत असतं. पडदा काळा, गाणं चालू.

मिरजकर_सध्या_पुण्यात

आहे! ४३ इंची, मीच दिलाय. हे डोक्यातच आलं नाही.

पावशेर

दहा हजारांवरून सातशेवर आलो. अजून दोन पानं चर्चा झाली तर अण्णांना पैसे परत मिळतील.

हायरेझ_हरी

यूट्यूबचा आवाज १३०-१६० किलोबिटच्या आसपास असतो. असो. ज्याचं त्याचं.

षड्ज

दिवाणखान्यातल्या खोकल्याला तेवढे पुरतात.

मिरजकर_सध्या_पुण्यात

तीन आठवड्यांनी अपडेट.

डबी घेतली, ऑप्टिकल केबल घेतली, गोल पाच पिनांकडून तांबड्या-पांढऱ्याकडे नेणारी तयार केबल घेतली. शनिवारी मिरजेला गेलो. अण्णा आंघोळ करून, झब्बा घालून समोर बसले. सगळं जोडलं. शांतता.

अर्धा तास सेटिंग्ज उलटसुलट केल्या. मग लक्षात आलं, ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या असतात. टीव्हीच्या बाजूची काढली होती, डबीच्या बाजूची तशीच. काढली. टोकाला तांबडा ठिपका दिसला. जोडलं. तरीही शांतता! डबीला हेडफोन लावून बघितला तर गाणं येतंय. म्हणजे पुढे गडबड. आईने विचारलं, "पातेलं आणू का?"

अभियंता, मदत करा. 'टेप' लिहिलेल्या गोल भोकात लावलंय.

अभियंता_निवृत्त

अगदी वाटलंच. त्या सॉकेटमध्ये येणं आणि जाणं दोन्ही असतं. मधली पिन २ म्हणजे अर्थिंग. ३ आणि ५ वर टेपकडून आवाज ॲम्प्लिफायरमध्ये येतो, ३ डावा आणि ५ उजवा. १ आणि ४ वर ॲम्प्लिफायरकडून टेपकडे, रेकॉर्डिंगसाठी, बाहेर जातो. तुमच्या तयार केबलच्या तारा १ आणि ४ ला असणार. तुम्ही बाहेर जाण्याच्या दारातून आत शिरू बघताय. आणि आकडे ओळीने नसतात हं: १, ४, २, ५, ३ असा क्रम असतो, पिनेच्या बुडाशी बारीक कोरलेले दिसतील.

दोन्ही तारा सोडवून ३ आणि ५ ला डाग द्या (सोल्डर करा). रेडिओ दुरुस्तीचं जुनं दुकान असेल तर दहा मिनिटांचं काम. ॲम्प्लिफायर बंद करून मगच काढघाल करा.

मिरजकर_सध्या_पुण्यात

झालं! स्टेशन रोडच्या बाजूला एक आजोबा अजून दुकान उघडतात. भिंग लावून पिना बघितल्या, "कोण रे तुला हे सांगितलं? बरोबर आहे," म्हणाले. डाग दिला, वीस रुपये घेतले, आणि काय ऐकणार ते विचारलं.

घरी लावलं. अण्णांनी वहीतली पहिली ओळ वाचली, मी शोधून दिलं. तंबोरे सुरू झाले आणि अण्णांनी हात वर करून मला थांबायची खूण केली. मी काही बोलतच नव्हतो. दहा मिनिटांनी म्हणाले, "डावा तंबोरा जरा उतरलाय. तेव्हा कळला नव्हता." तेव्हा म्हणजे पातेल्यात.

आता अडचण. सकाळी सगळं छान, ललत, तोडी, कोणाची हरकत नाही. पण संध्याकाळी सात ते साडेनऊ टीव्ही आईचा. आणि यमन, भूपाची वेळ नेमकी तीच. पहिल्याच दिवशी घरात ताण. अण्णा म्हणतात, राग वेळेला ऐकायचा. आई म्हणते, मालिकाही वेळेलाच लागते.

वऱ्हाडी_ठेचा

मालिका बी आता मागून पायता येते न मोबाईलवर. आईले पातेलं द्या.

मधुरा_ती_नव्हेच

खबरदार!

जुनाट_कॅसेट

ब्लूटूथ रिसीव्हर. बाराशे रुपये. सिम नसलेला जुना फोन. संध्याकाळपुरता. मी थकलो.

अभियंता_निवृत्त

आणि तो 'टेप'च्या भोकात नाही, 'ऑक्स'च्या भोकात लावा, म्हणजे पुढचा खटका फिरवला की बदल झाला. सकाळी टेप, संध्याकाळी ऑक्स. तारा काढायला नकोत. केबल मात्र याच दुकानात ३ आणि ५ ला करून घ्या.

तापकीर_गल्लीचा_वारकरी

पाय घेतला असता तर…

मिरजकर_सध्या_पुण्यात

जुनाट_कॅसेट, मागवला. वारकरी, पायही करणार आहे, पण माझ्यासाठी, पुण्यात. आजोबांना दुसऱ्या केबलचं सांगून आलोय. ते म्हणाले, पैसे नकोत, एकदा अण्णांकडे ऐकायला येतो.

सुपारीची_वाडी

ते आजोबा अजून कुरियरने कामं घेतात का? आमच्या वाडीतला सोनोडाइन कंपनीचा ॲम्प्लिफायर दोन वर्षं असाच पडलाय, मागे तीच गोल भोकं.